गादीवाफ्यावरील भोपळा : फुले भरपूर, फळ का धरत नाही?

(शेतकरी बंधू-भगिनींसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरामागच्या थोड्याशा जागेत गादीवाफा करून त्यावर भोपळा, दुधी, दोडका, काकडी यांचे वेल लावणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. कोकणात पावसाच्या तोंडावर परड्यात मातीचे उंचवटे करून वेल लावतात. देशावर न्हाणीच्या पाण्यावर आणि कुंपणाच्या आधाराने भोपळा वाढतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेली भाजी खाण्याची जी प्रथा आहे, त्या भाजीतला लाल भोपळाही अशाच कुदळ-खुरप्याच्या वाफ्यातून येतो. आज या लहान वाफ्याविषयी मी आपल्याशी बोलणार आहे.

परसबागेविषयी शेतकऱ्यांकडून, आणि त्याहून अधिक घरच्या भगिनींकडून, एक प्रश्न हमखास येतो. "वेल चांगला वाढला, पिवळीजर्द फुले आली, बारीक बारीक भोपळेही दिसले, पण ते पिवळे पडून गळून गेले. कोणते औषध मारावे?" या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगतो आणि मग त्याचे कारण समजावून देतो. बहुतेक वेळा ही गळ रोगाची नसते. मादीफुलाला पराग न मिळाल्यामुळे ती झालेली असते. अशा वेळी घाईने मारलेले औषध पराग आणणाऱ्या मधमाशीलाच मारते आणि गळ आणखी वाढते. म्हणून वाफा कसा करावा हे सांगताना फुलाकडे आणि माशीकडे मी जास्त वेळ देणार आहे.

जमीन आणि गादीवाफा

भोपळ्याच्या मुळांना हवा लागते. साचलेले पाणी त्यांना दोन-तीन दिवसही सोसत नाही. भारी काळ्या जमिनीत आणि जास्त पावसाच्या भागात गादीवाफ्याचा मोठा फायदा होतो तो यामुळेच. वाफा ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच करावा, म्हणजे सुमारे १० फूट बाय ४ फूट आणि उंची १ फूट. रुंदी यापेक्षा जास्त ठेवू नये. दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचला पाहिजे, म्हणजे वाफ्यावर पाय देण्याची गरज पडत नाही आणि माती भुसभुशीत राहते. हलक्या जमिनीत उन्हाळी लागवड करायची असेल तर उंची अर्धा फूटच ठेवावी, नाहीतर वाफा फार लवकर वाळतो.

वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत दोन घमेली आणि निंबोळी पेंड एक किलो मिसळावी. अर्धवट कुजलेले खत घालू नये. त्याबरोबर हुमणी आणि तण दोन्ही येतात.

रासायनिक खत देताना परसबागेत मोठी गफलत होते. शेतात आपण एकराच्या हिशेबाने पोत्याने खत देतो. घरामागे मात्र प्रत्येक वेलाला मूठभर युरिया टाकला जातो. हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश हे प्रमाण धरले, तर आपल्या ३.६ चौरस मीटर वाफ्याला साधारण ८० ग्रॅम युरिया, ११० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश एवढेच लागते. यातला युरियाही निम्माच लागवडीच्या वेळी द्यावा व उरलेला निम्मा एक महिन्याने द्यावा. म्हणजे संपूर्ण वाफ्याला एका वेळी ४० ग्रॅम. नत्र जास्त झाले की वेल हिरवागार होतो, पाने ताटाएवढी होतात, नरफुले भरमसाट येतात आणि मादीफुले मागे पडतात. वेल पाहून समाधान वाटते, पण भाजी मिळत नाही.

हंगाम, जात आणि लागवड

लाल भोपळ्याची लागवड खरिपात जून-जुलैमध्ये आणि उन्हाळी हंगामात जानेवारी-फेब्रुवारीत करावी. बी उगवायला जमिनीत ऊब लागते, म्हणून कडाक्याच्या थंडीत बी लावू नये. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का चंदन' आणि 'अर्का सूर्यमुखी' या जातींची फळे आटोपशीर असतात. 'अर्का सूर्यमुखी'चे फळ तर साधारण एक किलोचे असते. लहान कुटुंबाला ते एका वेळी संपवता येते. मोठे फळ हवे असल्यास दिल्लीच्या संस्थेची 'पुसा विश्वास' ही जात आहे.

जागा अगदीच कमी असेल तर झुकिनीचा विचार करावा. हीसुद्धा भोपळ्याचीच जात. पण तिचा वेल पसरत नाही, झुडूप होते. कोवळे फळ काकडीसारखे दिसते आणि भाजीला दुधीसारखे वापरता येते. पुणे-नाशिककडच्या सौम्य हवेत ऑक्टोबर ते जानेवारी या काळात ती चांगली येते. जोराचा पाऊस आणि कडक ऊन तिला मानवत नाही.

बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी लावावे. एका जागी दोन-तीन बिया दोन ते तीन सेंटिमीटर खोल टोकाव्यात आणि दोन खरी पाने आल्यावर एकच जोमदार रोप ठेवावे. जास्तीची रोपे उपटू नयेत, कात्रीने कापावीत, म्हणजे शेजारच्या रोपाची मुळे हलत नाहीत. लाल भोपळ्याची तीन रोपे वाफ्याच्या कडेने लावून वेल बाहेर, कुंपणाकडे वळवावेत. झुकिनी असल्यास ७५ सेंटिमीटर अंतराने नागमोडी दोन ओळींत सहा-सात रोपे बसतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हौसेने आपण एका वाफ्यात एक भोपळा, एक दुधी, एक दोडका आणि एक कारले लावतो. भाज्यांची विविधता मिळावी हा हेतू चांगला आहे, पण एकाच वेलावर नर आणि मादी फूल एकाच दिवशी उमलेलच असे नाही. भोपळ्याच्या मादीफुलाला भोपळ्याचाच पराग लागतो. दुधीचा किंवा कारल्याचा चालत नाही. म्हणून एका प्रकारचे निदान तीन वेल लावावेत. दोन भाज्या कमी लावल्या तरी चालेल. विविधता हवी असल्यास शेजाऱ्याशी ठरवून घ्यावे : एकाने भोपळा लावावा, दुसऱ्याने दुधी लावावा आणि भाजी वाटून घ्यावी.

नरफूल आणि मादीफूल

भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन प्रकारची फुले येतात. नरफुलाचा देठ लांब आणि सडपातळ असतो. आत मधोमध परागाने भरलेला एकच पिवळा दांडा दिसतो. मादीफुलाचा देठ आखूड असतो आणि पाकळ्यांच्या खाली बारीक भोपळ्यासारखी गाठ असते. पुष्कळांचा समज असा असतो की ही गाठ म्हणजे फळ धरले. तसे नाही. ही गाठ फूल उमलण्याच्या आधीपासूनच असते. पराग मिळाला तर ती फुगते, न मिळाल्यास काही दिवसांत पिवळी पडून गळते.

सुरुवातीला काही दिवस नुसती नरफुलेच येतात. त्यांना 'वांझ फुले' म्हणून तोडून टाकतात किंवा वेलच वांझ आहे असे समजून उपटून टाकतात. तसे करू नये. थोडा धीर धरल्यास मादीफुले येतातच, आणि ती आली की हीच नरफुले कामी येतात. ज्यांच्या घरी भोपळ्याच्या फुलांची भजी आवडते त्यांनी नरफुले अवश्य खुडावीत, पण सकाळी दहानंतर. तोपर्यंत त्यांचे काम झालेले असते.

भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढताच, साधारण दहा-अकराच्या सुमारास मिटते. ते पुन्हा उमलत नाही. म्हणजे एका मादीफुलाला पराग मिळण्याची संधी सगळी मिळून चार-पाच तासांचीच असते. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. तो माशीच्या अंगाला चिकटूनच एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो. पराग अपुरा पडला तर फळ गळते, किंवा धरले तरी एका बाजूने वाकडे आणि टोकाला बारीक राहते, कारण त्या बाजूच्या बिया भरलेल्या नसतात.

भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत तो सुमारे १०,००० वर्षांपासून लागवडीखाली आहे. तिकडे भोपळ्याच्या फुलांवरच जगणाऱ्या खास रानमाश्या आहेत; त्या आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे हे काम सातेरी, आग्या आणि फुलोरी या मधमाश्या, पोयाची माशी आणि काही भुंगे करतात. त्या येईनाशा झाल्या की आपला वाफा कितीही चांगला असला तरी रिकामा राहतो.

हाताने परागीकरण

पावसाची झड लागली, आभाळ भरून राहिले किंवा परिसरात फवारण्या सुरू असल्या म्हणजे माश्या येत नाहीत. अशा वेळी हे काम आपण हाताने करू शकतो. लहान वाफ्याला रोजची दहा मिनिटे पुरतात.

१. आदल्या संध्याकाळी वेल पाहून ठेवावा. ज्या कळ्यांची टोके पिवळी झाली आहेत त्या दुसऱ्या दिवशी पहाटे उमलणार असे समजावे. जवळ खुणेची काडी रोवावी.

२. सकाळी सहा ते नऊ या वेळात ताजे नरफूल देठासह तोडावे आणि त्याच्या पाकळ्या काढून टाकाव्यात. मधल्या दांड्यावर बोट लावल्यास पिवळी भुकटी बोटाला लागली पाहिजे.

३. हा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी असलेल्या कुक्षीवर हळुवार घासावा. कुक्षीचे फुगीर भाग असतात; प्रत्येक भागाला पराग लागेल असे पाहावे. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांना पुरते.

४. पाऊस येण्याचा संभव असल्यास फुलाच्या पाकळ्या वर गोळा करून दोऱ्याने सैल बांधाव्यात, म्हणजे पराग धुऊन जात नाही.

झुकिनीला हीच पद्धत लागू पडते. काकडी आणि कारल्याचेही परागीकरण सकाळीच करावे. त्यांची फुले लहान असल्याने हात जपून चालवावा. दुधी आणि दोडक्याची फुले मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांचे काम दिवे लागणीच्या सुमारास करावे. सकाळी दुधीच्या फुलाशी खटपट करून उपयोग नाही. परागीकरण साधले की दोन-चार दिवसांतच गाठ फुगून तुकतुकीत दिसू लागते.

गळलेले फळ चिरून पाहा

औषध आणण्यापूर्वी गळलेले फळ हातात घेऊन चिरून पाहावे. फळ टोकाकडून सुकत आले असेल, आत अळी नसेल आणि बिया भरलेल्या नसतील, तर परागीकरण झालेले नाही. फळावर बारीक छिद्र, त्यातून आलेला चिकट डिंक आणि आत पांढऱ्या अळ्या असतील, तर ते फळमाशीचे काम आहे. दोन्ही फळे बाहेरून पिवळीच दिसतात, पण त्यांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत.

फळमाशी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतला गर खाते आणि पूर्ण वाढल्यावर मातीत जाऊन कोषात जाते. एकदा अळी फळात गेली की वरून फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून किडलेली फळे रोज गोळा करून दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काही दिवस कडक उन्हात ठेवावीत. ती उकिरड्यावर टाकू नयेत. तेथून माश्याच परत येतात. फळ धरल्याची खात्री झाली की त्यावर कागदी पिशवी किंवा जुन्या कापडाची पिशवी सैल बांधावी. सापळा लावताना क्यू-ल्यूर हे आमिष मागून घ्यावे. आंब्याच्या फळमाशीसाठी मिळणारे मिथिल युजेनॉल वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीला चालत नाही. या सापळ्यात फक्त नरमाश्या अडकतात, त्यामुळे आळीतल्या सर्वांनी मिळून सापळे लावल्यास गुण जास्त येतो.

रोपे लहान असताना तांबडे भुंगेरे पाने कुरतडतात. पहाटेच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हा वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत आणि दवाने ओल्या पानांवर चुलीतली राख धुरळावी. पानांवर पांढरी भुरी दिसल्यास खालची रोगट पाने काढावीत, वेलाची दाटी कमी करावी आणि पाणी पानांवर न देता मुळाशी द्यावे. भुरीवर गंधक वापरण्याची आपल्याला सवय आहे, पण भोपळ्याच्या कुळातील वेलांना गंधक सोसत नाही, उष्ण हवेत तर पाने करपतात.

औषध आणि मधमाशी

जुन्या पुस्तिकांतून तांबड्या भुंगेऱ्यांसाठी बीएचसी किंवा कार्बारिल भुकटी धुरळण्याची शिफारस आढळते. त्या पुस्तिका आजही काही घरांत जपून ठेवलेल्या असतील. बीएचसीवर १९९७ मध्ये आणि कार्बारिलवर २०१८ मध्ये देशात बंदी आली आहे. एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. यांपैकी एखादा जुना डबा माळ्यावर उरला असेल तर तो परसबागेत वापरू नये. कार्बारिल मधमाश्यांना अत्यंत घातक होते. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे मुळाशी घातली तरी वेलातून फुलाच्या परागात आणि मधात उतरतात, हेही ध्यानात ठेवावे.

परसबागेत शक्यतो ५ टक्के निंबोळी अर्कावर भागवावे. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, गाळून घ्यावी आणि एकूण १० लिटर द्रावण करावे. फवारणी संध्याकाळीच करावी, तेव्हा भोपळ्याची फुले मिटलेली असतात. मात्र वाफ्यात दुधी किंवा दोडका असल्यास त्यांची फुले संध्याकाळी उघडी असतात. फवारा फुलांवर जाणार नाही असे पाहावे. शेजारच्या शेतात कपाशी, तूर किंवा भाजीपाल्यावर फवारणी होणार असेल तर ती सकाळी फुलांच्या वेळी न करण्याची विनंती जरूर करावी. माशी बांध ओळखत नाही. एका शेतातल्या सकाळच्या फवारणीचा फटका शेजारच्या चार घरांच्या वाफ्यांना बसतो.

माश्या टिकाव्यात म्हणून वाफ्याच्या कडेला तुळस, झेंडू, तीळ किंवा सूर्यफूल लावावे. उथळ परातीत खडे घालून पाणी ठेवावे. झाडावरचे आग्या मोहोळ पलिते लावून जाळू नये. मधमाश्या पाळण्याची इच्छा असणाऱ्यांनी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे चौकशी करावी. ही संस्था १९६२ पासून या विषयात काम करीत आहे.

काढणी आणि दोन सूचना

झुकिनी १५ ते २० सेंटिमीटर लांबीची, कोवळी असतानाच तोडावी. फळ वेलावर जून होऊ दिले तर नवीन फळे येणे मंदावते. लाल भोपळा टिकवायचा असल्यास त्याचा देठ वाळून टणक होऊ द्यावा आणि साल नखाने टोचत नाही असे पाहून, दोन इंच देठ ठेवून कापावा. असा भोपळा कोरड्या, हवेशीर जागी काही महिने टिकतो. त्यात अ जीवनसत्त्व देणारे केशरी द्रव्य भरपूर असते. घरातल्या लहान मुलांना तो आवर्जून द्यावा.

दुसरी सूचना गंभीर आहे. शेजारी कारले लावल्याने दुधी किंवा भोपळा कडू होतो ही समजूत खरी नाही. या दोन्हींचा संकर होत नाही. पण दुधी किंवा भोपळा काही कारणाने कडू निघाला तर त्यात विषारी द्रव्य असते. शिजवल्याने ते जात नाही. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात मृत्यू झालेले आहेत. म्हणून फोड जिभेला लावून पाहावी, कडू लागल्यास थुंकावी आणि ते फळ टाकून द्यावे. त्याचे बीही ठेवू नये.

बंधू-भगिनींनो, हा लहान वाफा करण्यास फार पैसा लागत नाही. नत्र मोजून द्यावे, एका जातीचे तीन वेल लावावेत, गळलेले फळ चिरून पाहावे आणि सकाळच्या वेळी औषधाचा पंप बाजूला ठेवावा. येत्या हंगामात वेल फुलावर आला की एक दिवस सकाळी सात वाजता पाच मिनिटे वाफ्याजवळ उभे राहून फुलांवर किती माश्या येतात ते मोजावे. एकही आली नाही, तर नरफूल हातात घेऊन त्या दिवशीचे काम आपणच उरकावे.